घरात पिसवा झाल्यावर : काय करावे, काय टाळावे

पिसवा झाल्याचं पहिल्यांदा कळतं ते माणसाच्या घोट्यांना. पोटरीच्या खाली खाजणारे लाल ठिपके उठतात आणि डासांचे समजून दोन दिवस तसेच सोडून दिले जातात. तिसऱ्या दिवशी मांजर सोफ्यावर बसून मान कराकरा खाजवताना दिसतं आणि घरात कुणीतरी म्हणतं, "आधी हिला बाहेर काढा."

त्या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. मांजर बाहेर काढल्याने पिसवा जात नाहीत. त्यांचं हक्काचं जेवण गेलं की त्या माणसांना जास्त चावू लागतात. अंगावर दिसणारी मोठी पिसू हा घरातल्या एकूण पसाऱ्याचा साधारण 5 टक्के भाग असतो. बाकीचा 95 टक्के अंडी, अळ्या आणि कोष या रूपांत गादीत, सतरंजीत, सोफ्याच्या सांध्यांत असतो. उवांच्या लिखा केसाला घट्ट चिकटतात, तशी पिसवांची अंडी चिकटत नाहीत. मादी दिवसाला 40-50 अंडी घालू शकते, आणि मांजर जिथे लोळेल तिथे ती मिठाच्या कणांसारखी गळत जातात. मांजर गेलं तरी ती घरातच राहतात.

आधी खात्री करा

• बारीक दातांची फणी घ्या, उवांच्या फणीसारखी. मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत हळूहळू फिरवा. फणीत काळी भुकटी आली तर ती पांढऱ्या ओल्या कापसावर टाका. कापसावर तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. डाग नाही पडला तर ती साधी धूळ.

• पिसू दिसली नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. मांजर दिवसभर अंग चाटतं आणि चाटताना पिसवा गिळून टाकतं. ज्या मांजराला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला थोडे चावेही पुरतात. शेपटीच्या बुडाशी केस जातात, मानेवर खरखरीत पुरळ हाताला लागतं, आणि अंगावर शोधूनही पिसू सापडत नाही.

• पिसू आणि गोचीड यांत गल्लत करू नका. गोचीड त्वचेला चिकटून फुगत जाते. पिसू बाजूंनी चपटी, तपकिरी असते, केसांतून सरसर पळते आणि एक वीतभर उंच उडी घेते. दोन्हींवरचे उपाय वेगळे असू शकतात. डॉक्टरांना नेमकं काय पाहिलं ते सांगा.

• घर तपासायचं असेल तर पांढरे मोजे घालून संशयाच्या खोलीत पाच मिनिटं पाय घासत चाला. पिसवा असतील तर मोज्यांवर काळे ठिपके उड्या मारताना दिसतील.

मांजरासाठी : करावे

• मांजराचं वजन करा. वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग त्याला उचलून घेऊन उभे राहा, आणि वजाबाकी करा. औषधाची मात्रा वजनावर ठरते.

• पशुवैद्याकडून मांजरासाठीचं मानेवर टाकायचं थेंबांचं औषध घ्या. फिप्रोनिल, सेलामेक्टिन, इमिडाक्लोप्रिड ही त्यातली नेहमीची नावं. पाकिटावर मांजराचं चित्र आणि वजनाची मर्यादा दोन्ही वाचा. मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलपासून गावोगावच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांपर्यंत विचारायला जागा आहेत. मात्र सरकारी दवाखान्यात बहुतेक गाईगुरं येतात, म्हणून "मांजरासाठी चालतं ना?" हा प्रश्न तोंडाने विचाराच.

• औषध डोक्याच्या मागे, मानेच्या वरच्या टोकाला टाका. केस दोन बाजूंना करून कातडी दिसू द्या आणि थेंब कातडीवरच सोडा. केसांवर सांडलेलं औषध वाया जातं, खांद्यांवर टाकलेलं मांजर चाटून काढतं. टाकण्याच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको.

• घरातल्या सगळ्या जनावरांना एकाच दिवशी औषध द्या. खिडकीतून येणारा बोका असो की म्हातारा कुत्रा असो, एक जरी सुटलं तरी पिसवांचं चक्र चालू राहतं. प्रत्येकाला त्याच्या जातीचं आणि वजनाचं औषध.

• औषध टाकलेलं मांजर घरभर फिरू द्या. हे पटायला वेळ लागतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. कोषातून बाहेर पडलेली नवी पिसू भुकेली असते आणि जवळचं ऊबदार अंग शोधते. ते अंग औषध टाकलेल्या मांजराचं असलं तर ती चढते आणि मरते, अंडी घालायला उरत नाही. आमच्या मांजरीला, मनीला, पिसवा झाल्या तेव्हा तिला आठवडाभर बाथरूममध्ये कोंडायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी थांबवलं. तिला तिच्या नेहमीच्या उशीवर, कपाटावर, देवघरासमोरच्या पाटावर झोपू दिलं, आणि त्याच जागा आधी साफ होत गेल्या.

• रोज एकदा फणी फिरवा. फणीत आलेल्या पिसवा साबणाच्या पाण्याच्या वाटीत बुडवा. साध्या पाण्यात त्या तरंगतात आणि निसटतात. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकले की बुडतात.

• जंतांचं औषधही विचारा. मांजर पिसू गिळतं, आणि पिसवेच्या पोटात पट्टकृमीची पिल्लावळ असू शकते. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या कणीसारखे, वाळल्यावर तिळासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमीच. नुसतं जंतांचं औषध देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर तो परत होतो.

मांजरासाठी : टाळावे

इथे मला कडक बोलायचं आहे. पिसवा सहसा धडधाकट मोठ्या मांजराचा जीव घेत नाहीत, चुकीचं औषध घेतं.

• कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. "छोट्या कुत्र्याचं आहे, अर्धं लावा, चालतं" असं सांगून एका दुकानदाराने मला एक पिचकारी दिली होती. घरी येऊन चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली : परमेथ्रिन. कुत्र्यांच्या कित्येक औषधांत ते असतं आणि कुत्र्याला ते सोसतं. मांजराच्या यकृताला ते फोडून बाहेर टाकता येत नाही. अंगाला कंप सुटतो, झटके येतात, आणि मांजर मरतं. मात्रा अर्धी केल्याने ते मांजराचं औषध होत नाही.

• कुत्र्याच्या अंगावर परमेथ्रिनचं औषध टाकलं असेल तर निदान तीन दिवस मांजराला त्याला बिलगून झोपू देऊ नका, त्याचं अंग चाटू देऊ नका.

• गोठ्यातलं औषध नको. गाईम्हशींच्या गोचिडांसाठी आणलेली सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझची बाटली गावच्या घरात फळीवर असतेच. त्यातलं झाकणभर बादलीत टाकून मांजर बुचकळून काढणं म्हणजे त्याला विष पाजणं. गोठ्यात नाहीतर मुंग्यांसाठी वापरायची पावडर अंगाला चोळणंही तसंच. मांजराच्या अंगावर जे पडतं ते शेवटी त्याच्या पोटात जातं.

• रॉकेल, फिनाईल, कापराचं तेल, डांबरगोळ्यांची पूड, यातलं काहीही नको. आपल्या आज्यांनी केलं असेल. त्यांच्या हाती दुसरं काही नव्हतं, आपल्या हाती आहे.

• "नैसर्गिक" शब्दाला भुलू नका. टी ट्री तेल, लिंबाच्या सालीचं तेल, निलगिरी तेल ही मांजराला विषारी आहेत. कडुलिंबाचं तेलही अंगाला लावू नका. लसूण-कांदा खाऊ घातल्याने पिसवा जात नाहीत, मांजराच्या तांबड्या रक्तपेशी मात्र फुटतात.

• आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनवर भिस्त ठेवू नका. खरजेला ते देतात. पिसवांवर ते भरवशाचं नाही.

• पिसू नखांवर चिरडू नका. तिची पाठ कडक असते, बहुतेक वेळा ती निसटते. आणि फुटली तर तिच्या पोटातलं सगळं तुमच्या बोटांवर येतं.

• वेदनेसाठी किंवा तापासाठी घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. चतकोर तुकडाही मांजराला मारू शकतो.

चुकीचं औषध लागलंच तर

कान फडफडणं, अंग थरथरणं, खूप लाळ गळणं, झोकांड्या खाणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं. ही लक्षणं काही तासांत दिसू शकतात, कधी दुसऱ्या दिवशीही. दिसली की घड्याळ बघत बसू नका.

• झटके येत नसतील आणि मांजर शुद्धीवर असेल तर औषध लागलेला भाग कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. पाणी गरम नको. मग टॉवेलात गुंडाळून लगेच डॉक्टरांकडे निघा. झटके येत असतील तर धुण्यातही वेळ घालवू नका.

• औषधाचं पाकीट बरोबर घ्या. डॉक्टरांना तोच सगळ्यात उपयोगी कागद.

• दूध, तूप, मीठपाणी काहीही पाजू नका. उलटी करवू नका.

पिल्लं

मूठभर पिल्लाच्या अंगावर पिसवा वाढल्या तर त्याचं रक्त इतकं कमी होतं की पिल्लू दगावतं. ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असायला हव्यात. पांढुरक्या दिसल्या तर आजच डॉक्टर, उद्या नको.

थेंबांची बहुतेक औषधं 8 आठवड्यांच्या आतल्या पिल्लांसाठी नसतात. तोवर फणी हाच उपाय. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, म्हणजे पिसवा तोंडाकडे पळत नाहीत. मग अंग धुवा, फणी फिरवा, स्वच्छ पाण्याने साबण काढा, आणि लगेच मऊ फडक्याने पूर्ण कोरडं करून उबेत ठेवा. ओलं पिल्लू गारठून जातं. पिल्लांची आई अंगावर पाजत असेल तर तिच्यासाठी कोणतं औषध चालतं हे डॉक्टरांना वेगळं विचारा. रोज तिचं अंथरूण बदला.

घरात : करावे

• मांजराच्या झोपायच्या जागांची यादी करा. खरोखर कागदावर लिहा. आमच्या यादीत अकरा जागा निघाल्या, त्यातली एक माळ्यावरच्या जुन्या गोधड्यांची होती आणि तिथे ते जातं हे आम्हाला माहीतही नव्हतं. काम याच जागांपासून सुरू करा.

• व्हॅक्यूम क्लीनर असेल तर पहिले दोन आठवडे रोज फिरवा. सोफ्याच्या फटी, पलंगाखाली, भिंतीच्या कडेला, पायपुसण्यांखाली. अळ्यांना उजेड सोसत नाही, त्या खोल जातात. 2007 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं तेव्हा व्हॅक्यूममध्ये ओढल्या गेलेल्या मोठ्या पिसवांपैकी 96 टक्के मेल्या, आणि अळ्या-कोष सगळेच. आणखी एक फायदा म्हणजे त्याच्या थरथरीने कोषातल्या पिसवा जाग्या होऊन बाहेर येतात. पिशवी मात्र घराबाहेर रिकामी करा.

• व्हॅक्यूम नसेल तर आधी कचरा केरसुणीने हलक्या हाताने गोळा करा, जोरात झाडून फटींत ढकलू नका, आणि लगेच साबणाच्या पाण्याने लादी पुसा. गोळा केलेला केर घरातल्या डब्यात ठेवू नका.

• चादरी, अभ्रे, मांजराचं अंथरूण आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा. धुवायला नेताना घडीतच उचला. झटकलं तर अंडी खोलीभर पसरतात.

• ऊन वापरा. अंड्यांना आणि अळ्यांना दमट हवा लागते. कोरड्या कडक उन्हात त्या वाळून मरतात. गाद्या दिवसभर गच्चीवर, दुपारी उलटून. विदर्भ-मराठवाड्यातल्या चैत्र-वैशाखाला याबाबतीत तोड नाही. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर ऊनच मिळत नाही आणि हवा नेमकी पिसवांच्या पथ्याची असते. तेव्हा जी गोधडी धुता येत नाही तिच्यावर दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवा.

• रात्री जमिनीवर ताटलीत साबणाचं पाणी ठेवा आणि वर छोटा दिवा लावा. ऊब आणि उजेडाकडे येऊन पिसवा पाण्यात पडतात. याने घर साफ होत नाही, पण रोज सकाळी मोजलं की आकडा उतरतोय की नाही ते कळतं.

• फवारणी करावीच लागली तर पेस्ट कंट्रोलवाल्याला आधी सांगा की घरात मांजर आहे आणि काम पिसवांचं आहे, झुरळांचं नाही. औषधाचं नाव लिहून घ्या. मेथोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सीफेन यांसारखं अळीची वाढ रोखणारं द्रव्य त्यात आहे का, ते विचारा. मोठ्या पिसवा मारणारं नुसतं औषध अर्धंच काम करतं.

घरात : टाळावे

• फवारणी ओली असताना मांजर घरात नको. लादी पूर्ण वाळेपर्यंत आणि वास जाईपर्यंत त्याला दुसरीकडे ठेवा. पाण्याची वाटी, खाण्याची ताटली, शौचाचा ट्रे आधीच बाहेर काढा. माशांची टाकी असेल तर झाकून तिचा हवेचा पंप बंद ठेवा. यातली कित्येक औषधं माशांना सर्वांत आधी मारतात.

• झुरळांचा खडू मांजराच्या वाटेत ओढू नका. तळव्याला लागतो, चाटला जातो.

• बोरिक पावडर गालिच्यावर शिंपडू नका, आणि बंद खोलीत कडुलिंबाच्या पाल्याची धुरी देऊ नका. कोषातल्या पिसवेपर्यंत धूर पोचत नाही, मांजराच्या छातीत मात्र भरतो.

• एकाच दिवशी तीन वेगळी औषधं मारू नका. "काहीतरी लागू पडेल" या घाईत मांजराच्या अंगावर तिन्हींची बेरीज होते.

• आणि मांजर मासळी बाजारात, देवळाच्या आवारात, दुसऱ्या सोसायटीच्या फाटकापाशी सोडून येऊ नका. घरात वाढलेल्या मांजराला तिथे जगता येत नाही. पिसवा तुमच्या घरात आहेत, त्या तशाच राहतील.

गणपतीला गावचं घर उघडताना

कोकणात हा अनुभव अनेकांना आहे. मे महिन्यानंतर कुलूप लावलेलं घर चतुर्थीच्या आदल्या दिवशी उघडतं. पडवीत पाय ठेवल्याबरोबर पिसवा पायांवर तुटून पडतात, तेही घरात तीन महिने कुणी नसताना. मे महिन्यात ओटीवर वाडीतलं एखादं मांजर व्यायलेलं असतं. अंडी तिथे पडतात, अळ्या कोषात जातात आणि कोषातली पिसू थांबून राहते, कित्येकदा काही महिने. पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वास यांची चाहूल लागली की सगळ्या एकदम बाहेर पडतात.

• शक्य असेल तर आठवडाभर आधी कुणीतरी जाऊन घर उघडा. फुलपँट आणि मोजे घाला, पँट मोज्यांत खोचा. सगळ्या खोल्यांतून चाला, झाडा, पुसा, दारं-खिडक्या उघडा. रक्त न मिळालेली नवी पिसू फार काळ तगत नाही.

• चटया, जुन्या गोणपाटांचे ढीग, मांगरातल्या गवताजवळची अंथरुणं बाहेर काढा.

• पोरांना पहिल्या रात्री जमिनीवर झोपवू नका.

• ओटीवर व्यायलेल्या मांजरीला हाकलू नका. पिल्लं मोठी होईपर्यंत तिचं बस्तान बाहेरच्या कोपऱ्यात, धुता येईल अशा गोणपाटावर हलवा.

माणसांसाठी

मांजराची पिसू माणसाला चावते, पण माणसाच्या अंगावर राहत नाही. चावा साबणाने धुवा, बर्फ किंवा कॅलामाइन लावा, खाजवून फोडू नका. मांजराने बोचकारलं तर जखम लगेच वाहत्या पाण्यात साबणाने धुवा. पिसवांच्या विष्ठेतले जंतू नखांत असतात. पिसवा असलेल्या घरात कुणाला ताप, अंगावर पुरळ, काखेत किंवा जांघेत गाठ आली तर डॉक्टरांना पिसवांबद्दल स्वतःहून सांगा.

प्लेगची भीती मनात येते, विशेषतः म्हाताऱ्या माणसांच्या. 1896 साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात जो प्लेग आला तो मुख्यतः उंदरांच्या अंगावरच्या पिसवांनी पसरवला, आणि पिसवांचा तो हात पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी 1898 साली कराचीत दाखवला. आपल्या मांजरावरची पिसू वेगळ्या जातीची असते. भिऊन मांजर टाकण्याचं कारण नाही. घरात उंदीर मात्र होऊ देऊ नका.

किती दिवस?

• तीन महिने धरा. पंधरा दिवसांनी पिसवा पुन्हा दिसतील आणि औषध फुकट गेलं असं वाटेल. कोषावर कुठलंच औषध धड चालत नाही, त्यामुळे जुने कोष फुटून नव्या पिसवा येतच राहतात. त्या बाहेर पडत आहेत म्हणजे साठा संपत आला आहे. इथे औषध बदलू नका, मात्रा वाढवू नका.

• पिसवा दिसेनाशा झाल्या म्हणून दुसऱ्या महिन्याची मात्रा चुकवू नका.

• पुढच्या मात्रांच्या तारखा कालनिर्णयवर आजच लिहा, गॅसच्या नंबराशेजारी. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी फणी पुन्हा एकदा पांढऱ्या ओल्या कापसावर झटका, आणि कापूस पांढराच राहिला तरी पावसाळाभर दर महिन्याची मात्रा चालू ठेवा.